मधले महाराज टेबलाखाली आहेत

गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी अडीचशे माणसं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्यांवर बसली होती आणि प्रत्येकाचा उजवा अंगठा हवेत होता.

खुर्च्या नव्हत्या, कारण दुकानदार स्वतः भक्त होता आणि न खपलेला माल वर पडूनच होता. कोणी जरा हललं की प्लॅस्टिक करकरायचं. एक गादी करकरली की अख्खी ओळ करकरायची. मग महाराज बोलणं थांबवून डोळे मिटायचे आणि भक्तांना वाटायचं, समाधी लागली.

"पहिला शब्द कोणाचा?" महाराजांनी माइकमधून विचारलं.

"आमचा!"

"पुढचे?"

"त्यांचे!"

"डावा शब्द म्हणजे?"

"मोह!"

"उजवा?"

"भय!"

"आणि मधला?"

अडीचशे अंगठे एकदम खाली आले.

क्षणभर नुसती टकटक. मग तिसऱ्या ओळीतली एक बाई गादीवरून उठली आणि किंचाळली, "माझ्या जावेचं नाव आलं! 'जाऊबाई खोटं बोलतात' असं आलं! मी कुणाला म्हणजे कुणाला बोलले नव्हते हो!"

सभागृह गहिवरलं. बाईंनी हे आपल्या बहिणीला गेल्या तीन वर्षांत रोज दोनदा टाइप करून कळवलं होतं. पण ते बोलणं थोडंच झालं?

सर्वांत मागच्या गादीवर एक दातांची डॉक्टर बसली होती. वय चाळिशीच्या आसपास, चेहरा अक्कलदाढ काढताना असतो तसा. ती काही वाणी ऐकायला आली नव्हती. ती शेजारी बसलेल्या वडिलांसाठी आली होती. अप्पांच्या हातात तिच्या आईचा फोन होता आणि आईला जाऊन वर्ष झालं होतं.

चमत्कार कसा झाला, ते महाराजांच्याच शब्दांत, मधूनमधून आपल्याही शब्दांत

फोनवर काही लिहायला घेतलं की कीबोर्डच्या डोक्यावर तीन शब्द आपोआप उमटतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही 'मी' लिहिलंत की तो 'येतो', 'उद्या', 'नाही' असं काहीबाही पुढे करतो. घाई असली तर आपण दाबतो, नसली तर लक्ष देत नाही.

महाराजांनी लक्ष दिलं. तेव्हा ते महाराज नव्हते, फोनला स्क्रीनगार्ड लावून द्यायचे. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी 'मी' लिहिलं आणि नुसता मधला शब्द दाबत गेले. वाक्य उतरलं: 'मी उद्या दुकान बंद ठेवणार आहे.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं.

"आणि भविष्य खरं ठरलं!" महाराज इथं पोचले की आवाज कापरा करायचे. "मला कोणी सांगितलं होतं का, दुकान बंद ठेव म्हणून? नाही! आधी वाणी आली, मग दुकान बंद झालं!"

सभागृहात शिकलेली माणसं पुष्कळ होती. त्यातल्या एकानं हुंदका दिला.

भिंतीवर चिकटवलेले नियम

फोन स्वतःचाच हवा. दुसऱ्याच्या फोनवर वाणी बोलत नाही.

नवा फोन मुका असतो. त्याला सहा महिने वापरावं, मग तो बोलू लागतो.

दिवंगतांचा फोन सर्वांत सिद्ध.

आत येताना फोन शुद्धीसाठी व्यासपीठावरच्या टेबलापाशी द्यावा. लॉक काढून द्यावा.

वाणीला उलट प्रश्न विचारू नये.

डॉक्टरनं नियम दोनदा वाचले. हा कागद लिहिणाऱ्याला आपली युक्ती कुठं कुठं फसेल हे अगदी नेमकं माहीत होतं. खड्डे कुठं आहेत हे माहीत असलेला माणूसच गाडी अशी वळवून वळवून चालवतो.

अप्पा

सुरुवात निरुपद्रवी झाली होती. आई गेल्यावर अप्पा तिचा फोन रोज चार्जिंगला लावायचे. का, ते कोणी विचारलं नाही. मग गाद्यांच्या दुकानदारानं त्यांना वर नेलं. अप्पांनी 'मी' लिहिलं, मधला शब्द दाबत गेले आणि उतरलं: 'मी आज लवकर झोपते पाय दुखतात.'

रात्री घरी जेवताना अप्पा म्हणाले, "तिचे पाय अजून दुखतात."

त्यानंतर ते आईला सगळं विचारू लागले. पंखा दुरुस्त करू की नवा घेऊ. खालच्या मजल्यावरच्या माणसाशी बोलू की नको. आणि एके दिवशी त्यांनी 'गोळ्या' हा शब्द लिहिला.

"अप्पा, बीपीच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं आहे."

"बंद केल्या."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं."

त्यांनी फोन दाखवला. 'गोळ्या बंद कर पोटात जळजळ होते महाराजांचं ऐक.'

"अप्पा, आईला हे महाराज माहीतसुद्धा नव्हते. ती गेली तेव्हा ते स्क्रीनगार्ड लावत होते."

"आता ती जिथं आहे तिथून सगळं दिसतं."

"मग तिथून तिला तुमचं बीपी पण दिसत असेल. हात द्या."

"तू दातांची डॉक्टर. तोंडाबाहेरचं तुला काय कळतंय?"

"आई तर कसलीच डॉक्टर नव्हती."

"तिच्याबद्दल असं बोलू नकोस. ती ऐकते." अप्पांनी फोन छातीशी धरला, पण दुसरा हात मुकाट्यानं पुढे केला. पट्टा फुगला, यंत्र कण्हलं. आकडा पाहून डॉक्टरनं पट्टा काढला आणि दुसऱ्या हाताला लावला. दुसरा हात पहिल्याहून वाईट निघाला. या आकड्यानं माणूस आज रात्रीही अंथरुणावर आडवा होऊ शकतो आणि उद्या तोंड वाकडं होऊन उठू शकतो, हे कळायला दातांची डॉक्टर पुरे होती.

"आजच्या आज गोळी घ्या."

"तिला विचारतो," अप्पा म्हणाले.

आणि विचारलंही. उत्तर तेच आलं. येणारच होतं.

कारण ते वाक्य डॉक्टरच्या ओळखीचं होतं. शेवटच्या वर्षात आईनं ते तिलाच पाठवलं होतं, पुन्हा पुन्हा. 'गोळ्या बंद करू का? पोटात जळजळ होते.' आणि ती दोन पेशंटच्या मध्ये, हातमोजा काढून, प्रत्येक वेळी उत्तर द्यायची, 'नको आई. जेवल्यावर घे.' कीबोर्डनं आईचे शब्द पाठ केले होते. 'करू का'चं 'कर' झालं होतं, आणि प्रश्नाचा हुकूम झाला होता.

तिनं अप्पांना हे सांगितलं.

"म्हणजे तुलाही ती तेच सांगायची!" अप्पांचे डोळे चमकले. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

वाणी परिवार, २४८ सदस्य, आवाज बंद करता येत नाही

*आज 'मी नोकरी सोडतो' असं आलं. सोडली. मन हलकं झालं.*

*अभिनंदन दादा 🙏*

*(दादांच्या बायकोचा खुलासा: हे वाक्य ते मला अकरा वर्षं दर सोमवारी पाठवत आहेत. सोडली मात्र आत्ताच.)*

*महाराज, माझ्या फोनवर फक्त 'हाहाहा हाहाहा हाहाहा' येतं.*

*ताई, तुमच्यावर आनंदाची कृपा आहे.*

*घरात तिघं आजारी आहेत हो.*

*हाहाहा.*

*कोण हसलं??*

*माफ करा, मधला शब्द दाबला गेला.*

*माझ्या धाकट्या भावाशी मी बोलणं सोडलं. वाणी म्हणाली, 'भाऊ फसवणार.' मला आधीपासून वाटतच होतं.*

*वाणी नेहमी आपल्याला आधीपासून वाटत असतं तेच सांगते, हाच तर चमत्कार!*

शेवटचं वाक्य खुद्द महाराजांचं होतं. सगळं गुपित त्यांनी परिवारात जाहीर सांगून टाकलं होतं आणि त्याला दोनशे नमस्कार आले होते.

दवाखाना

सोमवारी दुपारी दोन पेशंटच्या मधल्या वेळात डॉक्टर खुर्चीत बसली. पेशंटच्या खुर्चीत, कारण ती मागे झुकते. तिनं आपला फोन काढला, दाराकडे पाहिलं आणि 'आई' हा शब्द लिहिला.

आता इथं हसू नये. तिचीही आई जाऊन वर्षच झालं होतं.

तिनं मधला शब्द दाबला. मग पुन्हा. मग पुन्हा.

'आई आपली कवळी तयार आहे कृपया येताना जुनी कवळी सोबत आणावी.'

रिसेप्शनवरच्या मावशी कधी आत आल्या ते तिला कळलं नाही. मावशी वाणी परिवारात होत्या. त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि भिंतीला टेकल्या.

"बाई! काय उतरलंय हे!"

"मावशी, दिवसाला पाच पेशंटना मी हाच मेसेज करते."

"तुम्ही करता हो, पण अर्थ बघा की! जुनी कवळी आणा म्हणजे जुनं सगळं सोडा. अहंकार! नव्या दातांनी जगाकडे बघा!"

"दातांनी बघतात?"

"तुमच्यासारख्यांना नाही कळायचं," मावशी म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत सोडायला गेल्या. जाता जाता त्यांनी खुर्चीला हात लावून नमस्कार केला.

डॉक्टरला हसू फुटलं आणि त्याच हसण्याच्या आत कुठंतरी दुखलंही, कारण क्षणभर तिनं वाट पाहिली होती. अप्पांना मूर्ख म्हणायची तिची सोय गेली. पण एक गोष्ट नक्की झाली. फोनला काय शिकवायचं ते माणूसच शिकवतो. मग अडीचशे माणसांनी डोळ्यांदेखत, एकदमच शिकवलं तर?

पुढचा रविवार

"मला अनुभव सांगायचाय," डॉक्टर म्हणाली. अनुभव सांगणाऱ्याला माइक नाकारायची सोय महाराजांनी ठेवली नव्हती. ती व्यासपीठावर चढली. समोर ते शुद्धीचं टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जांभळं कापड. उशिरा आलेल्यांचे फोन अजून शुद्धीत होते, बाकीच्यांचे हातात परत आले होते.

"मंडळी, महाराज कुठं आहेत?"

लोकांनी महाराजांकडे बोट दाखवलं.

"एवढेच? एवढ्याच जागेत?"

गाद्या करकरल्या. मग कुणीतरी चपापून म्हणालं, "नाही नाही! सर्वत्र!"

"हवेत?"

"आहेत!"

"भिंतीत?"

"आहेत!"

डॉक्टरनं आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांत जवळ होतं ते टेबल. "या टेबलाखाली?"

"आहेत!"

"टेबल सोडा," महाराज घाईनं म्हणाले.

"का महाराज?" पहिल्या गादीवरच्या एका म्हाताऱ्यानं भाबडेपणानं विचारलं. "टेबल सोडून सर्वत्र?"

महाराजांचा चेहरा रूट कॅनॉलच्या पेशंटसारखा झाला. पण सर्वत्र असण्याचा हा तोटाच आहे, एखादी जागा वगळता येत नाही. "टेबलाखालीही," ते म्हणाले, "पण... अगदी थोडे."

"तर मग ही सेवा," डॉक्टर म्हणाली. "सगळ्यांनी आपापल्या फोनवर लिहा: महाराज टेबलाखाली आहेत. शब्दाला शब्द जोडून, पुन्हा पुन्हा. जितकं लिहाल तितकं पुण्य."

अंगठे चालू लागले. पुण्य म्हटल्यावर कोण मागे राहतो? करकर, टकटक, करकर. नोकरी सोडलेले दादा दोन्ही अंगठ्यांनी लिहीत होते. हाहाहावाल्या ताई प्रथमच गंभीर होत्या. मागच्या गादीवर अप्पाही आईच्या फोनवर लिहीत होते, एका बोटानं, चष्मा कपाळावर चढवून.

"थांबा. आता वाणीला विचारू. पहिला शब्द 'महाराज'. डोळे अर्धे मिटा. मधला दाबा."

टक. टक.

आणि सभागृहातून लाटेसारखा आवाज उठला. "टेबलाखाली आहेत!" "माझ्याही!" "अहो, माझ्या फोनवर पण तेच!"

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाली. "आत्ता तुम्हीच लिहिलंत, तेच त्यानं परत—"

तिचं वाक्य कोणी ऐकलं नाही. अडीचशे माणसं उभी राहिली होती आणि टेबलाकडे बघत होती.

"मी इथं आहे," महाराज म्हणाले. ते खरोखरच तिथं होते, टेबलाच्या उजवीकडे, पूर्ण उंचीचे.

"जरा बाजूला व्हा हो," पहिल्या गादीवरचा म्हातारा त्यांना हातानं सारत म्हणाला, "महाराज टेबलाखाली आहेत."

"अरे, मीच महाराज!"

"वाणी खोटं बोलते का?"

नाही म्हणावं तर टेबल, हो म्हणावं तर धंदा. तेवढ्यात दादांनी कापड उचललं.

टेबलाखाली महाराजांचा मेहुणा मांडी घालून बसला होता. मांडीवर फोनांचा ढीग, डोक्याला टॉर्चचा पट्टा, दोन्ही अंगठ्यांना बँडेज. त्याच्या हातातल्या फोनवर ओळींमागून ओळी भरल्या होत्या: महाराजांचं ऐक महाराजांचं ऐक महाराजांचं ऐक.

"शुद्धी चालू आहे," मेहुणा म्हणाला. "कापड सोडा, वारा लागतो."

आता सगळं उघड झालं होतं, आणि डॉक्टरनं ते माइकवर सरळ सांगितलं. कीबोर्ड तुम्ही लिहिता ते लक्षात ठेवतो. कुठल्या शब्दामागून तुम्ही कुठला लिहिता, ते तो मोजतो आणि तोच पुढे करतो, तुमचा वेळ वाचावा म्हणून. म्हणून फोन स्वतःचा लागतो. म्हणून नवा फोन मुका असतो. तुमच्या घरातली भांडणं, नावं, भीती त्यात तुम्हीच भरलेली आहेत. राहिलं महाराजांचं नाव, ते हे गृहस्थ भरतात.

मेहुण्यानं बँडेज दाखवून दुजोरा दिला. गेले कित्येक रविवार त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

काही लोक उठून चालू लागले. पण काही तिथंच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच उजाडत होतं.

"पण डॉक्टर," म्हातारा म्हणाला, "टेबलाखाली माणूस आहे, हे वाणीला कसं कळलं?"

"वाणीला नाही कळलं! तुम्ही लिहिलंत!"

"आम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

"मलाही नव्हतं! योगायोग होता!"

"वाणीनं उघडं पाडलं!" कुणीतरी ओरडलं. "खोट्या महाराजांना खऱ्या वाणीनं उघडं पाडलं!"

"वाणीचा विजय असो!"

डॉक्टर खाली उतरली तेव्हा मावशी टेबलाला हात लावून नमस्कार करत होत्या.

स्वयंपाकघर

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून अप्पांनी आईचा फोन काढला. डॉक्टर ओट्यापाशी उभी राहिली.

अप्पांनी खूप विचार केला आणि पहिला शब्द म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. 'अप्पा.'

मग मधला. मग मधला.

'अप्पा झोपले आहेत महाराज टेबलाखाली आहेत महाराज टेबलाखाली आहेत महाराज.'

अप्पा फोनकडे बघत राहिले. डॉक्टरला वाटलं, ते रडतील. तिनंच त्यांच्याकडून आईच्या फोनमध्ये हा कचरा भरवला होता. पण ते वेगळ्याच गोष्टीवर अडकले होते.

"टेबलाचं मी लिहिलं," ते म्हणाले. "हे पहिलं कोणाचं? 'अप्पा झोपले आहेत.'"

"आईचं."

"कोणाला?"

"मला. संध्याकाळी मी फोन करू का विचारायचे, तेव्हा ती लिहायची."

"मला नाही लिहिलं ते."

"तुम्हाला कशाला लिहील, अप्पा? तुम्ही शेजारच्या खोलीत."

"मला ती हाक मारायची." अप्पांनी दाराकडे पाहिलं. "मेसेज एकही नाही. आयुष्यात एक मेसेज नाही पाठवला तिनं मला." त्यांनी फोन ओट्यावर ठेवला. "मग यातलं माझ्यासाठी काय असणार? मी इतके दिवस तुमच्या दोघींचं बोलणं चोरून ऐकत होतो, आणि म्हणत होतो माझ्याशीच बोलते."

फ्रीज घुरघुरला आणि थांबला.

"तिच्या पोटात जळजळ व्हायची?"

"हो."

"मला कधी म्हणाली नाही."

"तुम्ही काळजी करत बसाल म्हणायची."

अप्पांनी हात पुढे केला. डॉक्टरला आधी वाटलं, फोन मागताहेत.

"आण ती गोळी," अप्पा म्हणाले. "जेवायच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"मग आधी जेवायला वाढ."

त्यानंतरचा रविवार

गर्दी निम्मी झाली होती, पण झाली होती. महाराजांनी सावरून घेतलं होतं. टेबलाखाली आपणच होतो, ते मेहुण्याच्या रूपात, असा त्यांनी खुलासा केला होता. मेहुण्याला आता व्यासपीठावर खुर्ची मिळाली होती आणि तो तीत अवघडून बसला होता, खालीच बरं होतं अशा चेहऱ्यानं. टेबलाला हार होता. दुकानदार जांभळ्या कापडाच्या उशा विकत होता.

अप्पांनी मुलीला काही सांगितलं नव्हतं. ती मागून धावत जिना चढली, तेव्हा ते माइकपाशी पोचलेही होते.

"अनुभव सांगतो," अप्पा म्हणाले. त्यांना माइकची सवय नव्हती, त्यामुळे पहिलं वाक्य शिट्टीतच गेलं.

"माझी बायको गेली. तिच्या फोनला विचारून मी बीपीच्या गोळ्या थांबवल्या होत्या. मेलो असतो आणि दोष तिच्या नावावर टाकून गेलो असतो. फोननं मला फसवलं नाही. तो बिचारा लिहिलेलं परत देतो, चघळून चघळून. तुम्ही राग भरलात, राग देईल. भावावर संशय भरलात, संशय देईल. तुम्ही म्हणता, बघा, वर बसलेल्यालाही तसंच वाटतं. वर कोणी नाही. तुम्हीच तुम्हाला मान डोलावताय."

"आणि टेबलाचं काय?" म्हातारा ओरडला.

"टेबलाखाली मेहुणा होता. टेबलावर कापड होतं, म्हणून दिसत नव्हता. बास. त्यात आणखी काही नाही." लोक कुजबुजले. अप्पांनी चष्मा नीट केला. "पटत नसेल तर माझं ऐकू नका. यांचंही ऐकू नका. शेजारच्याशी फोन बदला आणि आपला प्रश्न त्याच्या फोनवर विचारा. उत्तर वेगळं आलं, तर देव दोन आहेत की फोन दोन आहेत, एवढा विचार स्वतःच्या डोक्यानं करा. ते काही अवघड नाही. अवघड आहे ते माणसाला तोंडावर विचारणं. पण खरं उत्तर तिथंच मिळतं. फोनच्या आत कोणी बसलेलं नाही. मी आत जाऊन शोधून आलोय."

टाळ्या पडल्या नाहीत. महाराजांनी माइक काढून घेतला आणि समाधी लावली.

पण चौथ्या गादीवर एक माणूस होता, हातात फोन, अंगठा हवेत. त्यानं फोनकडे पाहिलं, शेजारच्या माणसाकडे पाहिलं, फोन बदलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग त्यानं फोन खिशात घातला आणि दुसऱ्या बाजूला वळला. त्या बाजूला, त्याच गादीवर, त्याची बायको बसली होती.

"काय गं," तो हळूच म्हणाला, "तू माझ्यावर चिडली आहेस का?"

"हो," बायको म्हणाली. "विचारशील कधीतरी, म्हणून बसलेय इथं."